पूरनियंत्रणासाठी येतोय तो हवामान निधी की कर्ज? (सांगली जिल्हा)

सोसायटी सचिव, पलूस तालुका

मी कृष्णाकाठच्या एका गावात विकास सोसायटीचा सचिव आहे. बावीस वर्षं झाली. पीककर्ज वाटायचं, वसुली करायची, मार्चअखेर जिल्हा बँकेला हिशेब द्यायचा, हे माझं काम. हवामानशास्त्र माझा विषय नाही. कर्ज माझा विषय आहे, आणि प्रश्न कर्जाचाच आहे.

मध्यंतरी तालुक्याला एक बैठक झाली. तिथं सांगण्यात आलं की सांगली-कोल्हापूरच्या पूरनियंत्रणासाठी बाहेरून मोठा हवामान निधी येतोय. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. घरी येऊन पेपरची कात्रणं काढली तर तो जागतिक बँकेच्या कर्जातला प्रकल्प. राज्याचा काही हिस्सा आहे, पण मोठा भाग कर्ज. म्हणजे फेडायचा. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय, की याला निधी का म्हणायचं?

२०१९ चं सांगतो. आमचं कार्यालय चार पायऱ्यांच्या जोत्यावर आहे. २००५ ला पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. म्हणून आम्ही सगळं दप्तर कपाटाच्या वरच्या खणात हलवलं आणि निर्धास्त झालो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. आमचं कपाट आडवं होऊन खोलीत तरंगत होतं. शेजारच्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला नाव उलटली. त्याबद्दल माझ्याच्यानं लिहवत नाही.

पाणी उतरल्यावर मी आणि शिपाई, दोघांनी कर्जरोख्यांचं एकेक पान सुटं करून दोरीवर वाळत घातलं. शाई फुटलेली, आकडे वाचता येईनात, पण अंगठ्यांचे ठसे बऱ्याच पानांवर शाबूत होते. कुणी पैसे घेतले हे कळत होतं, किती घेतले हे कळत नव्हतं.

ऊस आठ-दहा दिवस पाण्याखाली होता. शेंड्याच्या सुरळीत गाळ बसला की ऊस वरून हिरवा दिसला तरी आतून जातो. सरकारनं सानुग्रह अनुदान दिलं, ग्रामीण भागात कुटुंबामागं १०,०००. पूरबाधितांचं एक हेक्टरपर्यंतचं पीककर्ज माफ केलं, तेही खरं. पण पडलेली भिंत, वाहून गेलेली म्हैस, मोटर, पाइपलाइन हे सगळं माणसानं पुन्हा उसनवारीवर उभं केलं. ते उभं राहतंय तोवर २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. माझ्याकडं असे सभासद आहेत, ज्यांचं आजचं कर्ज म्हणजे त्या दोन पुरांचंच नुकसान आहे, फक्त खात्याचं नाव बदललंय.

आता माझी शंका. वरच्या शेतकऱ्यानं बांध फोडला आणि माझ्या रानातली माती वाहून गेली, तर गावात पंच बसतात आणि भरपाई ठरवतात. वरच्यानं खालच्याला व्याजानं पैसे द्यावेत, असा निवाडा कुठल्याही पंचांनी दिलेला मी ऐकला नाही. श्रीमंत देशांनी शंभर-दीडशे वर्षं कोळसा आणि तेल जाळलं, त्यातून हवा तापली, हे तेच मान्य करतात. त्याबद्दल गरीब देशांना पैसे द्यायचं कबूलही केलंय म्हणतात. मग ते पैसे गेले कुठं? आणि आमच्या वाट्याला कर्जच का? जाणकारांनी सांगावं.


निवृत्त अभियंता, मिरज

सचिवसाहेब, माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. तुमचं कात्रण बरोबर आहे, प्रकल्प जागतिक बँकेच्या कर्जाचाच आहे. त्यात आणखी एक बारकावा बघा. केंद्र सरकार परदेशी कर्ज ज्या अटींवर घेतं, त्याच अटींवर ते राज्याकडं सरकवतं. त्यामुळं डॉलर महागला तर त्याचा भारही राज्यावरच. तुमच्या सभासदाला निदान हप्ता किती ते आधी ठाऊक असतं.

पण एक गोष्ट तुम्हाला कडू लागली तरी सांगतो. सगळा पूर परदेशी धुराच्या खात्यावर टाकू नका. २०१९ च्या पुरानंतर त्याची कारणं तपासायला वडनेरे समिती नेमली होती. पाणलोट क्षेत्रात झालेला प्रचंड पाऊस हे कारण आहेच. पण पूररेषेच्या आतली बांधकामं, बुजवलेले ओढे, पुलांचे मातीचे भराव हे आपणच केलंय. सांगलीत माझ्या डोळ्यांदेखत नाल्यांवर प्लॉट पडले. ओढ्यावरचं घर हलवायला परदेशी पैसा लागत नाही.


द्राक्ष बागायतदार, तासगाव

पुराचं बोललात, माझं न दिसणारं नुकसान सांगतो. २०२५ च्या मे महिन्यात पाऊस लागून राहिला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नेमका तोच काळ काडीत घड धरण्याचा असतो. त्याला ऊन लागतं, आणि ऊनच मिळालं नाही. ऑक्टोबरात फळछाटणी केली तेव्हा डोळे फुटले, पानं आली, घड मात्र मोजकेच. पुढं जे धरले त्यांच्यावर डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग.

फळपीक विमा फळछाटणीनंतरचा अवकाळी पाऊस आणि गारपीट बघतो. मे महिन्यातला पाऊस त्याच्या कोष्टकातच नाही. पंचनाम्याला आलेल्या माणसाला मी काय दाखवू? बाग हिरवीगार उभी आहे. आणि पंचनामा झाला तरी केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषात बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये. आमच्याकडं एवढ्यात एका एकराची औषधंही पुरी होत नाहीत. परदेशातून येणारा हा पैसा असल्या नुकसानीला लागू होतो का, एवढंच मला विचारायचंय.


मूळचा कराडचा, सध्या पुण्यात

माझं कामच या पैशाच्या हिशेबाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९२ ला रिओमध्ये हवामानाचा जागतिक करार झाला. त्याच्या चौथ्या कलमात विकसित देशांनी विकसनशील देशांना 'नवा आणि वाढीव' पैसा द्यावा असं लिहिलंय. हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढं २००९ ला कोपनहेगनमध्ये आकडा ठरला, २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर. श्रीमंत देशांची संघटना ओईसीडी हा हिशेब ठेवते. तिच्याच हिशेबानं २०२१ ला ८९.६ अब्ज झाले आणि २०२२ ला ११५.९ अब्ज. म्हणजे वचन दोन वर्षं उशिरा पुरं झालं.

आता सचिवकाकांचा मुद्दा. २०२२ च्या त्या रकमेत जो सरकारी स्रोतांतला पैसा होता, त्यातला ६९ टक्के कर्जरूपानं दिला गेला. ऑक्सफॅम या मदत संस्थेनं याच वर्षाची खरी मदत काढली ती २८ ते ३५ अब्ज. एवढी तफावत का? काका, तुमच्या धंद्यातलंच उदाहरण देतो. तुम्ही तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्क्यानं देता. त्यात शासनाची मदत किती? वाचलेलं व्याज तेवढी. मुद्दल सभासद स्वतःच फेडतो. पण शासनानं अहवालात 'शेतकऱ्याला तीन लाखांची मदत' असं छापलं तर? जागतिक हिशेबात अगदी हेच चालतं. कर्जाची पूर्ण रक्कम मदत म्हणून मांडली जाते, आणि त्यातली बरीच कर्जं शून्य टक्क्याची सोडा, बाजारभावाच्या व्याजाची असतात.

दुसरी गोष्ट, हा पैसा दोन कामांसाठी असतो. एक, धूर कमी करायला, म्हणजे सौर, पवनचक्क्या, मेट्रो. दुसरं, जे येऊन ठेपलंय त्याला तोंड द्यायला, म्हणजे पूरसंरक्षण, दुष्काळातलं पाणी, तग धरणारं बियाणं. याला अनुकूलन म्हणतात. चाळकेवाडीच्या पठारावरची पवनचक्की वीज विकते आणि स्वतःचं कर्ज स्वतः फेडते. तुमच्या गावात पूरनिवारा बांधला तर तो काय विकणार? ज्यातून उत्पन्न नाही त्याला गुंतवणूकदार हात लावत नाहीत. म्हणून २०२२ च्या ११५.९ अब्जांत अनुकूलनाचा वाटा ३२.४ अब्जच होता. आणि जिथं उत्पन्न नाही तिथंही कर्जच दिलं, तर ते फेडायचं कशातून? करातून. म्हणजे पूर ज्यानं सोसला त्याच्याच खिशातून.

भारताची आणखी एक अडचण आहे. जागतिक बँकेची सवलतीची खिडकी २०१४ ला आपल्याला बंद झाली, कारण देशाचं सरासरी उत्पन्न त्या रेषेच्या वर गेलं. अनुदान वाटताना बेटांवरचे देश आणि आफ्रिकेतले गरीब देश पुढं असतात, आणि त्यांचं दुःखही खरंच मोठं आहे. पण सरासरी काढताना तुमचा दोन एकरवाला सभासद त्यात दिसेनासा होतो. अमेरिकेत माणशी वर्षाला चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, आपल्याकडं दोन टनांच्या आसपास. तो दोन टनसुद्धा त्या सभासदाचा नाही, तो शहरातल्या माझ्यासारख्यांचा.

तासगावच्या दादांना: हानीसाठी स्वतंत्र निधी आहे. २०२२ ला इजिप्तमधल्या परिषदेत तो मान्य झाला, पुढच्या वर्षी दुबईत सुरू झाला. २०२५ च्या सुरुवातीला सगळ्या जगाची मिळून वचनं ७५ कोटी डॉलरच्या आसपास होती. रुपयांत साडेसहा हजार कोटींच्या घरात धरा. आता आठवून बघा, २०१९ च्या पुरानंतर एकट्या महाराष्ट्रानं केंद्राकडं ६,८१३ कोटी मागितले होते, त्यातले ४,७०८ कोटी फक्त सांगली, कोल्हापूर आणि साताऱ्यासाठी. म्हणजे सगळ्या जगाच्या हानीसाठी जमलेली वचनं आपल्या एका पावसाळ्याला पुरत नाहीत. तुमच्या बागेपर्यंत ते पैसे येतील असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.


सोसायटी सचिव, पलूस तालुका

कराडच्या दादा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं, मुलालाही वाचायला लावलं. 'नवा आणि वाढीव' यावर मी अडकलोय. आमच्यात 'नवं-जुनं' म्हणतात. मार्च जवळ आला की सभासद कुठूनतरी पैसे फिरवून जुनं कर्ज भरतो आणि त्याच आठवड्यात नवं उचलतो. पुस्तकात वसुली झाली, नवं वाटपही झालं. सभासदाच्या हातात काय आलं? काही नाही, वर पैसे फिरवणाऱ्याचं व्याज गेलं. आधी शाळेसाठी, दवाखान्यासाठी मदत म्हणून जो पैसा यायचा, त्याच पैशाला आता हवामानाचं नाव दिलं जात असेल, तर ते नवं-जुनंच. असं होतं का?

अभियंतासाहेब, ओढ्यांचं तुमचं म्हणणं मला कडू लागलं नाही. आमच्या गावातही ओढ्यात भराव टाकलाय, त्यात सोसायटीचे जुने संचालकही होते. पण ओढा बुजवल्यानं पाणी शिरतं आणि दोन दिवस जास्त थांबतं, हे मला समजतं. आभाळातून पडणारा पाऊस वाढलाय, तो ओढ्यानं वाढवला नाही.


मूळचा कराडचा, सध्या पुण्यात

होतं, काका. 'नवा आणि वाढीव' म्हणजे कशाच्या वर वाढीव, याची सगळ्यांना मान्य होईल अशी व्याख्या तीस वर्षांत झाली नाही. त्यामुळं प्रत्येक देश आपापल्या सोयीनं मोजतो. २०२४ च्या नोव्हेंबरात बाकूच्या हवामान परिषदेत नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. विकसनशील देशांची मागणी १३०० अब्जांची होती. हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी उभं राहून तो ठराव म्हणजे दृष्टिभ्रम आहे असं स्पष्ट सांगितलं. त्या ३०० अब्जांतही कर्ज किती आणि अनुदान किती, हे ठरलेलं नाही.

पावसाचं म्हणाल तर तुम्ही बरोबर आहात. हवा एका अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या.


शिक्षिका, जत पूर्व भाग

सगळे नदीकाठचे बोलताय, म्हणून दुष्काळी भागातून लिहिते. आम्हाला पूर माहीत नाही. माझ्या शाळेतल्या मुलांनी चारा छावणीत बसून अभ्यास केलाय.

सचिवदादा, कर्ज म्हटलं की वाईट, असं सरसकट मला पटत नाही. म्हैसाळ योजनेचंच बघा. कृष्णेचं पाणी उचलून इतक्या उंचावर आणायचं तर वीज लागते, आणि तिच्या बिलापायी वर्षानुवर्षं पंप थांबायचे. बिलाचा ८१ टक्के भार शासनानं आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा असं ठरल्यावर पाण्याची थोडी शाश्वती आली. आता त्याच योजनेसाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून सौर प्रकल्प होतोय. ते कर्ज मला चालतं. बिल वाचेल, त्या वाचलेल्या बिलातून फेडता येईल, आणि पाणी आलं की मुलीला टँकरमागं पळण्याऐवजी शाळेत बसता येईल. कराडच्या दादांनी पवनचक्कीचं सांगितलं तसंच हे.

पण पाणी जिथं पोचतच नाही त्या वाड्यांचं काय? त्यांना तलाव, बंधारे, चाऱ्याची सोय पाहिजे. त्यातून पैसा सुटणार नाही. तिथं अनुदानच पाहिजे. मी वाचलंय की सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर खारफुटी आणि खेकडापालनासाठी हरित हवामान निधी या जागतिक निधीतून अनुदान आलंय, ओडिशात गावतळ्यांसाठी आलंय. मग जतला का नाही? आमच्या ग्रामपंचायतीनं अर्ज कुठं करायचा?


मूळचा कराडचा, सध्या पुण्यात

ताई, तुमची वाटणी मी माझ्या कामात वापरीन. उत्पन्न देणाऱ्याला कर्ज, न देणाऱ्याला अनुदान. एवढं साधं सूत्र करारात कुठंही लिहिलेलं नाही.

अर्ज गावाला थेट करता येत नाही. हरित हवामान निधीचं कार्यालय दक्षिण कोरियात आहे, आणि तिथं मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच जावं लागतं. आपल्याकडं त्यातलं मोठं नाव नाबार्ड. अनुकूलन निधी म्हणून आणखी एक जागतिक निधी आहे, त्याचीही भारतातली संस्था नाबार्डच. सिंधुदुर्गाचा प्रकल्प संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत गेला होता. केंद्रानं २०१५ ला स्वतःचा राष्ट्रीय अनुकूलन निधी काढला, सुरुवातीला ३५० कोटींचा, तोही नाबार्डकडंच होता.

तुम्ही गरीब आहात एवढ्यावर प्रस्ताव मंजूर होत नाही. तुमची अडचण हवामान बदलल्यामुळं वाढली, हे पुराव्यानं दाखवावं लागतं. तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी मागतात. पाऊस किती बदलला, पीक किती वेळा गेलं, कुणाचं गेलं. बऱ्याच जिल्ह्यांचे प्रस्ताव इथंच अडतात, कारण गावपातळीवर सलग नोंदीच नसतात.


सोसायटी सचिव, पलूस तालुका

दादा, नोंदी नसतात असं म्हणू नका. नोंदी आहेत. त्या तुमच्याकडं कुणी आणल्या नाहीत.

पैसेवारी, म्हणजे हंगामाच्या पिकाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या खाली लागली की पीककर्जाचं मध्यम मुदतीत रूपांतर होतं, म्हणजे फेडायला काही वर्षं मिळतात. प्रत्येक सोसायटीत त्याची वेगळी नोंदवही असते. कुठल्या सालात रूपांतर झालं, कोणत्या सभासदाचं, कोणतं पीक, क्षेत्र किती, रक्कम किती, सगळं त्यात येतं. म्हणजे गावाचं नुकसान वर्षवार लिहून ठेवलेलं आहे. आम्ही ते वसुलीसाठी लिहिलं. पुरावा म्हणून त्याच्याकडं बघावं, हे मला आज पहिल्यांदा सुचलं.

२०१९ आधीच्या आमच्या वह्या भिजल्या, पण रूपांतराची यादी मंजुरीसाठी बँकेकडं जायची, तिची एक प्रत तिथं असणार. आणि माझ्या आधीच्या सचिवांच्या घरी माळ्यावर १९७२ च्या दुष्काळापासूनचा गठ्ठा आहे, तो मी स्वतः पाहिलाय. त्यांचं घर उंचावर आहे, तिथं पाणी गेलं नाही. रविवारी जातो.

जतच्या ताई, तुमच्याकडच्या सोसायट्यांत तर अशी रूपांतरं आमच्याहून जास्त झालेली असणार. तुमच्या गावच्या सचिवांना माझा निरोप द्या, मी फोनवर समजावून सांगतो. सभासदांची नावं झाकून फक्त साल, पीक, क्षेत्र आणि रक्कम एवढंच उतरवायचं. तासगावच्या बागायतदारांनीही आपल्या सोसायटीत विचारावं. बाग हिरवी दिसत असली तरी थकलेलं कर्ज वहीत दिसतंच.

अडचण पावसाची आहे. नुकसानीचं साल माझ्याकडं मिळेल, त्या सालचा पाऊस कुठून आणू?


निवृत्त अभियंता, मिरज

पाऊस मी बघतो. जलसंपदा खात्याच्या पर्जन्यमापक केंद्रांच्या जुन्या नोंदी नाशिकच्या जलविज्ञान कार्यालयातून मागता येतात, हवामान खात्याच्या पुण्यातून. अर्ज कसा लिहायचा ते मला माहीत आहे, आयुष्यभर तेच केलंय. महसूल मंडळाचा तपशील मात्र अलीकडच्या वर्षांचाच मिळेल, त्याआधीचा तालुक्यावर भागवावा लागेल.

रविवारी किती वाजता जाताय? मिरजेहून भिलवडीला सकाळची गाडी आहे, मी येतो. जुने कागद असतील तर तिथंच फोटो काढू, बाहेर न्यायला नकोत.


सोसायटी सचिव, पलूस तालुका

नऊ वाजता या. स्टेशनवर घ्यायला येतो.